सीबीटी : फायदा होतो, पण कशाच्या तुलनेत?

अनवट (धागाकर्ती)

सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारा, बोलण्यातून होणारा उपचार. नैराश्याचा विषय निघाला की हमखास दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतं, "सीबीटी घे, शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध आहे." दुसरं म्हणतं, "नुसतं बोलून कुठे आजार बरा होतो? सगळा प्लासिबो, उपचार मिळतोय या समजुतीचाच गुण." मी मानसोपचारातली नाही. औषधांच्या चाचण्यांची आकडेमोड हा माझा पोटापाण्याचा उद्योग. त्यामुळे कुणी "सिद्ध" म्हटलं की मी आधी विचारते, कशाच्या तुलनेत? सीबीटीच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर काळानुसार बदलत गेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात आरन बेक यांच्यापासून. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले हे मानसोपचारतज्ज्ञ मनोविश्लेषण शिकलेले. नैराश्य म्हणजे आत वळलेला राग, हे फ्रॉइडच्या परंपरेतलं मत त्यांना रुग्णांच्या स्वप्नांमधून दाखवून द्यायचं होतं. पण स्वप्नांत राग सापडेना. सापडलं ते हरणं, नाकारलं जाणं, काहीतरी गमावणं. जागेपणीही हीच माणसं स्वतःबद्दल, जगाबद्दल आणि पुढच्या दिवसांबद्दल त्याच सुरात बोलत होती. मग १९६० च्या दशकात बेक यांनी उपचाराची दिशाच बदलली. मनात झर्रकन येऊन जाणारा विचार पकडायचा, लिहून काढायचा, तो कितपत खरा आहे ते पुराव्याने तपासायचं आणि मग वेगळं वागून बघायचं. वर्तनोपचारवाल्यांची तंत्रं आधीपासून होतीच, ती याला येऊन मिळाली. साधारण बारा ते वीस सेशन आणि मधल्या दिवसांत गृहपाठ, हा साचा तेव्हापासूनचा.

पहिली गाजलेली चाचणी १९७७ ची. रुग्ण फक्त ४१. काहींना बेक यांची थेरपी, बाकीच्यांना इमिप्रामिन हे नैराश्यावरचं औषध. थेरपी सरस ठरली. पण बारकाईने वाचलं तर दिसतं की शेवटच्या मोजणीआधीच औषध कमी करायला घेतलं होतं, आणि चाचणी करणाऱ्यांत खुद्द बेक होते. पैलवान तेच, पंचही तेच.

नंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने अनेक केंद्रांवर मोठी चाचणी केली. तिचे निकाल १९८९ मध्ये आले. इथे एका गटाला प्लासिबोची गोळी होती आणि ती देणारा डॉक्टर रुग्णाशी नियमितपणे आपुलकीने बोलतही होता. सौम्य नैराश्यात सगळेच गट जवळपास सारखे सुधारले. तीव्र नैराश्यात इमिप्रामिन पुढे गेलं, सीबीटी मात्र प्लासिबोच्या ठामपणे पुढे जाऊ शकली नाही. पुढची कितीतरी वर्षं "तीव्र नैराश्याला औषधच" असं म्हणताना या निकालाकडे बोट दाखवलं जायचं.

ते बोट २००५ मध्ये जरा खाली आलं. मध्यम ते तीव्र नैराश्याचे २४० रुग्ण, पॅरॉक्सेटिन हे औषध विरुद्ध कॉग्निटिव्ह थेरपी, म्हणजे बेक यांचीच. आठ आठवड्यांनी प्लासिबो गटातले २५ टक्के, थेरपीचे ४३ टक्के आणि औषधाचे ५० टक्के सुधारले होते. सोळा आठवड्यांनी औषध आणि थेरपी दोन्ही ५८ टक्क्यांवर. चाचणी दोन विद्यापीठांत झाली होती आणि जिथले थेरपिस्ट कमी अनुभवी, तिथे औषध पुढे राहिलं. गोळी कुणीही हातावर ठेवली तरी तितक्याच मिलिग्रॅमची असते, थेरपीचं तसं नाही. "सीबीटी केली, काही उपयोग झाला नाही" असं कुणी सांगितलं की मी हे आठवते.

याच अभ्यासाचा पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सुधारलेल्या रुग्णांवर आणखी वर्षभर लक्ष ठेवलं. औषध बंद केलेल्यांपैकी ७६ टक्क्यांचा आजार उलटला. औषध चालू ठेवलेल्यांत ४७ टक्के. आणि ज्यांची थेरपी संपली होती त्यांच्यात ३१ टक्के. शेवटच्या दोन आकड्यांतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का नाही. पण संपून गेलेला उपचार चालू असलेल्या उपचाराइतका तरी टिकतो, हे औषधांच्या जगात फारसं बघायला मिळत नाही.

आता आजची स्थिती. नैराश्यावरच्या सीबीटीचं सगळ्यात मोठं एकत्रित विश्लेषण २०२३ मध्ये आलं. ४०९ चाचण्या, ५२,७०२ रुग्ण. सीबीटी न मिळालेल्या गटांच्या तुलनेत परिणाम ०.७९, म्हणजे भरघोस. औषधांच्या तुलनेत उपचार संपताना बरोबरी, सहा ते बारा महिन्यांनी सीबीटी पुढे. इतर मानसोपचारांच्या तुलनेत मात्र फरक ०.०६, म्हणजे नसल्यासारखाच.

तिन्ही निकाल खरे आहेत. जाहिरातीत पहिला येतो, टीकेत तिसरा.

पहिल्या आकड्यातही हवा आहे. पुष्कळ चाचण्यांत तुलनेचा गट म्हणजे वेटिंग लिस्ट. "तुमचा नंबर तीन महिन्यांनी" असं सांगितलेला माणूस तोवर स्वतःहून फारसं काही करत नाही. २०१४ मधल्या एका विश्लेषणात तर वेटिंग लिस्टवरचे रुग्ण "काहीच उपचार नाही" गटापेक्षाही मागे पडलेले दिसले. दुसरी गोष्ट, न छापलेल्या चाचण्या. अमेरिकन सरकारी निधीतून झालेल्या नैराश्याच्या ५५ मानसोपचार चाचण्यांचा माग काढल्यावर २०१५ मध्ये कळलं की १३ चे निकाल कधी प्रसिद्धच झाले नव्हते. ते मिळवून बेरजेत धरले तेव्हा परिणाम ०.५२ वरून ०.३९ वर आला. म्हणजे एक चतुर्थांश गायब. औषध कंपन्यांना याच कारणासाठी आपण शिव्या घालतो, तेव्हा इथेही घालू.

इतकं वजा करूनही जे उरतं ते चांगल्या औषधाच्या तोडीचं आहे, असं माझं मत. आता तुमचं येऊ द्या.

गवतफुला

वाचनखूण साठवली. ताई, ते ०.७९ म्हणजे नक्की काय? टक्के?

अनवट

टक्के नाहीत. दोन गटांच्या सरासरीतलं अंतर माणसामाणसांत मुळातच असलेल्या चढउताराच्या पट्टीने मोजलं की असा आकडा येतो. ०.२ किरकोळ, ०.५ मध्यम, ०.८ मोठा, असा ढोबळ संकेत आहे. त्यापेक्षा हे घ्या, त्याच विश्लेषणातलं. लक्षणं निम्म्याने कमी झालेले लोक सीबीटी गटात १०० पैकी ४२, तुलनेच्या गटात १९. म्हणजे १९ जण असेही सुधारलेच असते, २३ जणांना सीबीटीमुळे फरक पडला, आणि ५८ जणांना पुरेसा फरक पडला नाही. हे ५८ कुठल्याच माहितीपत्रकात नसतात.

शंकेखोर

लेख उत्तम. पण तुम्ही हातचं राखून लिहिलंय असं वाटतं, म्हणून मीच विचारतो.

एक, गोळीच्या चाचणीत रुग्णाला आपल्याला काय मिळालं ते कळत नाही. थेरपीत ते लपवणार कसं? ज्याला थेरपी मिळाली त्याला ते माहीत असतं, आणि "बरं वाटतंय का" हा रकानाही तोच भरतो. दोन, आजार उलटण्याचे आकडे. थेरपीने सुधारले ते आणि औषधाने सुधारले ते एकाच जातकुळीचे कशावरून? थेरपी कदाचित मुळातल्या तगड्या माणसांनाच चाळून बाहेर काढत असेल. तीन, १९३६ मध्ये सॉल रोझेन्झ्वाइग यांनी लिहून ठेवलंय की सगळ्या मानसोपचारांचा परिणाम सारखाच असतो, कारण काम करतात ते समान घटक. कुणीतरी लक्ष देऊन ऐकतं, आशा वाटते, काहीतरी स्पष्टीकरण मिळतं. तुमचा ०.०६ तेच सांगतोय. मग सीबीटीचं एवढं कौतुक का?

अनवट

शंकेखोरराव, पहिला मुद्दा मान्य आणि त्यावर पूर्ण इलाज नाही. जवळात जवळ जायचं तर ज्या चाचण्यांत गोळीचा किंवा बोलण्याचा प्लासिबो होता तेवढ्याच घ्यायच्या. चिंतेच्या आणि तत्सम आजारांसाठी असं विश्लेषण २०१८ मध्ये झालं, ४१ चाचण्यांचं. एकूण परिणाम ०.५६. पण सुटे आकडे बघा. ओसीडी (नको ते विचार आणि त्यापायी तीच तीच कृती करत राहण्याचा आजार) १.१३, सतत सगळ्याचीच काळजी वाटण्याचा आजार १.०१, आघातानंतरचा पीटीएसडी ०.४८, चारचौघांत वावरण्याची भीती ०.४१, पॅनिक (अचानक येणारे भीतीचे झटके) ०.३९. म्हणजे "सीबीटी चालते का" असा एकच प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, आजाराचं नाव सांगा.

दुसरा मुद्दाही रास्त आहे. ती शक्यता त्या चाचणीतून खोडता येत नाही.

तिसऱ्याबद्दल मात्र भांडेन. नैराश्यात थेरप्या सारख्या निघतात म्हणून सगळीकडे सारख्याच असतील असं नाही. कोपनहेगनमध्ये बुलिमियाच्या ७० रुग्णांवर चाचणी झाली, निकाल २०१४ चे. एका गटाला दोन वर्षं दर आठवड्याला मनोविश्लेषण, दुसऱ्याला पाच महिन्यांत २० सेशन सीबीटी. पाच महिन्यांनी भरमसाट खाणं आणि उलट्या काढणं पूर्ण थांबलेले सीबीटीत ४२ टक्के, मनोविश्लेषणात ६ टक्के. दोन वर्षांनी ४४ आणि १५. आणि ही चाचणी मनोविश्लेषणाच्या बाजूच्या मंडळींनी केलेली होती. निकाल आपल्या विरुद्ध गेला तरी त्यांनी छापला, याबद्दल त्यांना माझा नमस्कार. लक्ष देऊन ऐकणारं माणूस तर दोन्हीकडे होतं ना?

तिसरी खुर्ची

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. बऱ्याच वर्षांपासून हेच काम करते. अनवट, आकडे चोख आहेत. त्यामागे खोलीत काय चालतं ते थोडं सांगते.

ओसीडीचा आकडा एवढा मोठा का? कारण तिथे विचारांशी वाद घालणं हे मुख्य काम नाहीच. समजा, हात अस्वच्छ आहेत या भीतीने कुणी दिवसभर धूत बसतं. त्याला "असं होण्याची शक्यता किती?" हे पटवत बसलं तर तो आपल्याकडूनच दिलासा मागायला लागतो, आणि दिलासा मागणं हा त्या आजाराचाच भाग असतो. म्हणून तिथे एक्स्पोजर करतो. ज्याची भीती त्याला हात लावायचा आणि मग धुवायचं नाही. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये हे पहिल्यांदा मांडलं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत उपचार सुरू केलेल्या सगळ्यांना धरून सुधारलेले लोक असे होते : एक्स्पोजर ६२ टक्के, क्लोमिप्रामिन हे औषध ४२, दोन्ही मिळून ७०, प्लासिबो ८. ओसीडी आपोआप ओसरत नाही, हे त्या ८ वरून दिसतं.

एवढं असूनही पुष्कळ थेरपिस्ट एक्स्पोजर टाळतात. रुग्णाला त्रास होईल, तो निघून जाईल अशी धास्ती वाटते, आणि ती धास्ती रुग्णापेक्षा थेरपिस्टची जास्त असते. मग सेशनमध्ये छान गप्पा होतात, श्वासाचे व्यायाम होतात आणि फाइलवर "सीबीटी" लिहिलं जातं. ओसीडीच्या कुणी मला "सीबीटी झाली, गुण आला नाही" असं सांगितलं तर माझा पहिला प्रश्न असतो, "भीती वाटणारी कुठली गोष्ट तुम्ही थेरपिस्टसमोर करून पाहिलीत?" बहुतेकांना प्रश्नच कळत नाही.

आता शंकेखोर यांच्यासाठी दारूगोळा मीच देते. नैराश्यात विचार बदलल्यामुळे माणूस बरा होतो, हे अजून कुणी नीट दाखवलेलं नाही. नील जेकबसन यांनी १९९६ मध्ये सीबीटीचे भाग सुटे केले. एका गटाला फक्त वर्तनाचा भाग दिला, म्हणजे दिवसाचं वेळापत्रक आखणं, टाळलेल्या गोष्टी थोड्या थोड्या पुन्हा सुरू करणं. विचारांना हातच लावला नाही. निकाल पूर्ण सीबीटीइतकाच. वीस वर्षांनी इंग्लंडमध्ये ४४० रुग्णांवर हेच पुन्हा तपासलं. वर्तनाचा भाग कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी दिला, पूर्ण सीबीटी प्रशिक्षित थेरपिस्टनी. तरी बरोबरी, आणि खर्च कमी. बेक यांची उपचारपद्धती टिकली, तिच्यामागचं स्पष्टीकरण मात्र अजून अधांतरी आहे. आमच्या परिषदांत हे फार मोठ्याने बोललं जात नाही.

शंकेखोर

हे कबूल करणारे थेरपिस्ट दुर्मीळ. दंडवत!

रात्रपाळी

झोपेबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी बोलतो. जुनाट निद्रानाशासाठीची सीबीटी मी केली आहे. मला वाटलं होतं मन शांत करायला शिकवतील. कसलं काय! आधी झोपेची डायरी लिहायला लावली. मग म्हणाले, तुम्ही अंथरुणात आठ तास असता आणि झोपता साडेपाच, तर आता अंथरुणातही तेवढाच वेळ राहायचं. ठरलेल्या वेळेआधी पाठ टेकायची नाही, झोप येईना तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, सकाळी मात्र गजर वाजला की उठायचं म्हणजे उठायचं. सुरुवातीचे दिवस भयंकर होते. दुपारी डोळे मिटायचे, चिडचिड व्हायची. त्या काळात घरच्यांनी माझ्याशी बोलणंच कमी केलं होतं. पण नंतर पाठ टेकल्यावर झोप यायला लागली. पूर्वीसारखं घड्याळ बघत पडणं गेलं.

पुरावा वगैरे मला कळत नाही. अनवट ताईंनी सांगावं.

अनवट

इथे पुरावा चांगला आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशासाठी झोपेच्या गोळीआधी हीच थेरपी द्या असं स्पष्ट सांगितलं. २०१५ च्या एका विश्लेषणात झोप लागायचा वेळ सरासरी १९ मिनिटांनी आणि मधे जाग येऊन पडून राहण्याचा वेळ २६ मिनिटांनी कमी झाला. एकूण झोप मात्र जेमतेम आठ मिनिटांनी वाढली. झोप जास्त मिळत नाही, सलग मिळते. तुमच्या वर्णनाशी जुळतंय.

तिसरी खुर्ची

एक सावधगिरी. अंथरुणातला वेळ कमी करण्याचा हा भाग वाचून घरच्या घरी सुरू करू नका. बायपोलर आजारात झोप कमी झाल्याने मेनिया (बेफाम उत्साहाचा झटका) उसळू शकतो. फिट्स येणाऱ्यांना आणि वाहन किंवा यंत्र चालवणाऱ्यांनाही जपावं लागतं.

दवबिंदू

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. डॉक्टरांनी औषध आणि सीबीटी दोन्ही सांगितलंय. घरात सगळ्यांचं म्हणणं, एवढ्या लहान वयात औषध नको, नुसती थेरपी करा. तुमचं मत काय?

अनवट

दवबिंदू, तुमच्या मुलाबद्दल मी काही सांगणं योग्य नाही. चाचण्या काय म्हणतात तेवढं सांगते. नैराश्य असलेल्या ४३९ किशोरवयीन मुलांची चाचणी २००४ मध्ये आली. बारा आठवड्यांनी सुधारलेले : फ्लुऑक्सेटिन आणि सीबीटी दोन्ही ७१ टक्के, फक्त फ्लुऑक्सेटिन ६१, फक्त सीबीटी ४३, प्लासिबो ३५. म्हणजे या चाचणीत नुसती सीबीटी फिकी पडली. चिंतेच्या आजारांत चित्र वेगळं. २००८ ची चाचणी, ४८८ मुलं. दोन्ही ८१ टक्के, सीबीटी ६०, सर्ट्रालिन ५५, प्लासिबो २४. इथे नुसती सीबीटीही गोळीच्या बरोबरीने उभी राहते.

तिसरी खुर्ची

म्हणून निदान नक्की काय आहे ते आधी डॉक्टरांना विचारा. आणि "औषध का, किती काळ, सुरुवातीला कशावर लक्ष ठेवायचं" हे तिन्ही प्रश्न लिहून घेऊन जा. सुरुवातीच्या आठवड्यांत मुलं कधीकधी जास्त अस्वस्थ होतात, मरणाचे विचार वाढू शकतात, तेव्हा फेरतपासणी चुकवू नका. मुलाने जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा केली तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच डॉक्टरांना किंवा हॉस्पिटल गाठा. आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्या १२० जणांवर झालेल्या २००५ च्या चाचणीत कॉग्निटिव्ह थेरपी मिळालेल्यांपैकी २४ टक्क्यांनी पुढच्या दीड वर्षात पुन्हा प्रयत्न केला, नेहमीच्या उपचारांच्या गटात ४२ टक्क्यांनी. अशा वेळीही करण्यासारखं बरंच असतं.

दवबिंदू

धन्यवाद दोघींना. प्रश्न लिहून ठेवले आहेत.

ओंजळ

हे सगळं शिकल्यासवरलेल्या, श्रीमंत देशांतल्या रुग्णांवर झालेलं दिसतं. विचारांची वही भरणं लिहिता-वाचता न येणाऱ्याला कसं जमणार?

अनवट

वही नसली तरी चालतं, असं दाखवणाऱ्या चाचण्या आहेत. पाकिस्तानच्या ग्रामीण भागात गर्भारपणात नैराश्य असलेल्या ९०३ स्त्रियांवर झालेली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांना सीबीटीची तंत्रं शिकवली आणि त्यांनी घरभेटींतच ती वापरली. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी नैराश्य २३ टक्के स्त्रियांत उरलं होतं, तुलनेच्या गटात ५३ टक्क्यांत. दुसरी गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमधली, २०१७ ची. तिथे मानसोपचाराची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी वर्तनावर भर देणारी छोटी थेरपी दिली. तीन महिन्यांनी नैराश्य ओसरलेले ६४ टक्के, नेहमीच्या उपचारांत ३९. खुर्चीताईंनी वर सांगितलेला सुटा भाग तो हाच.

शंकेखोर

शेवटचा खडा टाकतो. स्किझोफ्रेनियावरही सीबीटी चालते म्हणतात. तिथे काय?

अनवट

तिथे परिणाम लहान. २०१४ च्या विश्लेषणात एकूण लक्षणांवर ०.३३ होता, आणि ज्या चाचण्यांत मोजणाऱ्याला गट माहीत नव्हता तेवढ्याच धरल्या की तो आणखी घसरतो. औषधाच्या जोडीला ठीक, औषधाऐवजी नाही.

गवतफुला

सगळं वाचून एकच प्रश्न उरला. मला मिळतेय ती खरोखर सीबीटी आहे की नुसत्या गप्पा, हे मी कसं ओळखू? आणि उपयोग होत नसेल तर किती दिवस वाट बघायची?

तिसरी खुर्ची

सेशनच्या सुरुवातीला आज कशावर काम करायचं ते ठरतं का? मागच्या गृहपाठाची विचारपूस होते का? टाळलेलं काहीतरी करून बघायला सांगतात का? आणि लक्षणं मोजतात का? शेवटचा प्रश्न सगळ्यात कमी थेरपिस्टना आवडतो. इंग्लंडमध्ये २००८ पासून सरकारी आरोग्यसेवेत मोठ्या प्रमाणावर मानसोपचार देतात, सीबीटी त्यात प्रमुख. तिथे दर सेशनला रुग्ण छोटी प्रश्नावली भरतो. म्हणूनच त्यांना सांगता येतं की उपचार घेतलेल्यांपैकी साधारण निम्मे बरे होतात. न मोजणाऱ्याकडे फक्त आठवणी असतात, आणि त्या बऱ्या झालेल्या रुग्णांच्याच असतात.

वाट किती बघायची याचं माझं गणित असं. सहा ते आठ सेशन नियमित झाली, गृहपाठ केला, तरी प्रश्नावलीतले गुण जागचे हलले नाहीत, तर मी स्वतःच विषय काढते. निदान चुकलं का, थायरॉइड किंवा दारू असं दुसरं काही मधे आहे का, एक्स्पोजर करायला मीच कचरतेय का, औषध जोडायचं का, की दुसऱ्या पद्धतीच्या थेरपिस्टकडे पाठवायचं. तुमच्या थेरपिस्टने विषय काढला नाही तर तुम्ही काढा. "आपण प्रगती कशी मोजतोय?" एवढंच विचारा. चांगला थेरपिस्ट त्यावर रागावत नाही, कागद काढून दाखवतो.